काकीचा कागद, भाताची खळ

प्रश्न : एका प्रदर्शनात जपानी किमोनो पाहिला. दुरून तो नुसता राखाडी दिसत होता. काचेजवळ गेल्यावर कळलं की अख्ख्या कापडावर खसखशीपेक्षा बारीक पांढरे ठिपके आहेत, आणि तेही कमानदार रांगांत. खालच्या पाटीवर लिहिलं होतं की कागदाचा छाप ठेवून त्यातून तांदळाची खळ लावतात आणि मग कापड रंगवतात. आमच्या घरात मागांचा धंदा होता, त्यामुळे खळ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. शंका अशा : ओली खळ पुन्हा पुन्हा फासूनही कागद फाटत कसा नाही? खळ पाण्यात सुटते, मग रंगाच्या हौदात का सुटत नाही? एवढी भोकं पाडतो कोण? दुरून नक्षी दिसणारच नसेल तर हा खटाटोप कशासाठी? आणि आपल्याकडच्या छपाईशी याचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मागवाल्या घरातला माणूसच विचारील असे प्रश्न आहेत. एकेक घेऊ. पण आधी या पद्धतीची उलटी चाल लक्षात घ्यायला हवी.

रांगोळीच्या जाळीतून पीठ पाडलं की जिथे भोक तिथे नक्षी उमटते. जपानमधल्या या पद्धतीत, म्हणजे काताझोमेत, जाळीतून रंग जातच नाही. जाते ती खळ. खळ बसते तेवढी जागा झाकली जाते, बाकीचं कापड रंगतं, आणि शेवटी खळ धुतली की झाकलेली जागा पांढरी निघते. बाटिकमध्ये हेच काम मेण करतं, बांधणीत दोरा करतो. मेण काढायला उष्णता लागते, गाठ सोडायला बोटं लागतात. तांदळाची खळ काढायला लागतं फक्त पाणी. आणि रंगकामात पाण्याला टाळून तर चालतच नाही.

म्हणूनच या कलेतला प्रत्येक जिन्नस पाण्याशी कसा वागतो, हे पाहिलं की तुमच्या बहुतेक शंका फिटतात. कागदाने पाण्याला कधीच दाद द्यायची नाही. खळीने थोडा वेळ तग धरायचा आणि मग सपशेल सुटायचं. रंगाने पाण्यातून यायचं, पण एकदा कापडावर बसला की पुन्हा पाण्यात जायचं नाही. या तीन अटी एकाच कापडावर पाळायच्या, तेही घरगुती वस्तूंनी. त्या वस्तू म्हणजे तांदूळ, कोंडा, चुना, मीठ, सोयाबीन आणि एक तुरट फळ.

कागद फाटत कसा नाही?

छापाच्या कागदाला कातागामी म्हणतात. तो कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून बनवलेला हातकागद असतो. कोझो हे तुतीच्या कुळातलं झाड. त्याच्या सालीतले तंतू लांब असतात, त्यामुळे कागद पातळ असूनही चिवट होतो. यासाठी मिनो भागातला कागद फार पूर्वीपासून नावाजलेला आहे. असे सहसा तीन ताव एकमेकांवर चिकटवतात. मधल्या तावाचे तंतू आडवे आणि वरच्या-खालच्या तावांचे उभे ठेवतात. कागद भिजला की तंतूंना आडव्या दिशेला जास्त फुगतो. मधला थर आडवा असला की हे फुगणं आवरतं आणि छापाचं माप बदलत नाही.

ताव चिकटवायला जे वापरतात त्यातच खरी मेख आहे. ते म्हणजे काकिशिबू, कच्च्या काकी फळाचा आंबवलेला रस. काकी हा आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. विदर्भात ज्याच्या पानांत विडी वळतात तो तेंदूही याच वंशातला. कच्चं काकी खाल्लं तर तोंड पार आवळून जातं, कारण त्यात टॅनिन भरपूर असतं. हिरवी फळं चेचून, रस गाळून, आंबवून तो मुरत ठेवतात, कधी कधी वर्षानुवर्षं. हा रस कागदावर लावून सुकवला की हवेशी संयोग होऊन टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पाण्यात न विरघळणारा तपकिरी थर तयार होतो. याच वंशातल्या दुसऱ्या एका झाडाच्या, गाबाच्या, तुरट फळांचा रस बंगालमधले कोळी मासेमारीच्या जाळ्यांना आणि होड्यांना लावत आले आहेत. हेतू तोच, पाण्यात राहून कुजायचं नाही.

चिकटवलेले ताव फळ्यांवर उन्हात वाळवतात. मग बंद खोलीत टांगून लाकडाच्या भुशाचा धूर देतात. धुरी साधारण आठवडाभर चालते. त्यानंतर पुन्हा काकिशिबूत बुडवणं, पुन्हा वाळवणं. निघतो तो चॉकलेटी रंगाचा, जरासा ताठ, चामड्यासारखा वाटणारा कागद. गंमत अशी की वापरण्याआधी तो मुद्दाम पाण्यात भिजवतात. कोरडा छाप कापडावर सपाट बसत नाही, भिजवलेला बसतो. म्हणजे ज्या कागदाला पाण्यापासून वाचवायला एवढा उपद्व्याप केला, त्याचं काम सुरूच होतं पाण्यात भिजून.

भोकं कोण पाडतं?

रंगारी नव्हे. हा सर्वस्वी वेगळा धंदा आहे आणि त्याचं गाव ठरलेलं आहे. आजच्या मिए प्रांतातल्या सुझुका शहरात शिरोको आणि जिके ही दोन जुनी गावं सामावली आहेत. जपानभरच्या रंगाऱ्यांना छाप पुरवले ते प्रामुख्याने इथल्या कोरणाऱ्यांनी. जुन्या इसे प्रांतावरून त्यांना इसे-कातागामी म्हणतात. एदो काळात, म्हणजे १७व्या शतकाच्या सुरुवातीपासून १८६८पर्यंत, ही गावं बराच काळ किशूच्या तोकुगावा घराण्याच्या ताब्यात होती. त्या काळी देशावर राज्य करणाऱ्या शोगुनच्याच वंशाची ही शाखा. तिने इथल्या व्यापाऱ्यांना परवाने दिले आणि त्यांच्या जोरावर ते छापांचे गठ्ठे घेऊन देशभर फिरले. कागद एका गावचा, कोरणारे दुसऱ्या गावचे, रंगारी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, किंवा क्योतोत. नक्षीदार कापडाचा एक तुकडा बाजारात यायचा तेव्हा त्यावरून ही सगळी साखळी फिरलेली असायची.

कोरण्याच्या चार मुख्य पद्धती आहेत. तुम्ही पाहिलेले ठिपके किरिबोरीचे. पात्याची धार अर्धगोल असते. ते कागदावर उभं धरून फिरवलं की वाटोळं भोक पडतं. एका वेळी अनेक कागद एकावर एक ठेवून भोसकतात. तीन सेंटीमीटर चौरसात अशी शेकडो भोकं येतात. एखादं जरी चुकलं तरी कापडावर ती चूक छापागणिक पुन्हा उमटते, म्हणून मग तो कागद बादच. त्सुकिबोरीत भोक असलेल्या फळीवर कागद ठेवून पातं वर-खाली टोचत पुढे नेतात, त्यातून फुलापानांच्या वळणदार रेषा निघतात. दोगुबोरीत पात्यालाच पाकळीचा, चौकटीचा, पंख्याचा आकार दिलेला असतो. एक टोचा मारला की एक पाकळी तयार. ही पाती कोरणारा स्वतःच घडवतो, त्यामुळे त्याचं निम्मं कसब हत्यार घडवण्यातच लागतं.

चौथी पद्धत शिमाबोरी, सरळ रेघांची. वर्णन ऐकायला सगळ्यांत सोपं आणि हाताला सगळ्यांत अवघड. पोलादी पट्टी लावून पातं आपल्याकडे ओढायचं, आणि एकाच रेघेवरून ते अनेकदा फिरवायचं, तेही केसभर न हलता. आता विचार करा, कागदावर वरपासून खालपर्यंत बारीक फटी पाडल्या तर मधल्या पट्ट्या सुटून लोंबकळणारच. खळ फासणाऱ्या पट्टीच्या पहिल्याच फटक्यात त्या सरकतील. यावर इसेत निघालेला तोडगा अचाट आहे. दोन थर एकत्र कोरायचे, मग अलग करायचे, मधे कच्च्या रेशमाचे धागे जाळीसारखे ताणायचे आणि दोन्ही थर काकिशिबूने पुन्हा जोडायचे. जोडताना भोकावर भोक तंतोतंत बसायला हवं, नाहीतर सगळी नक्षी अंधुक होते. धागा इतका बारीक असतो की खळ त्याच्याखालून वाहून एक होते आणि कापडावर धाग्याची खूण राहत नाही. या कामाला इतोइरे म्हणतात.

जपान सरकारने १९५५मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाचे धारक म्हणून पहिल्यांदा कारागिरांची नावं जाहीर केली. लोक त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. त्या वर्षी इसे-कातागामीसाठी सहा जण निवडले गेले, आणि इतोइरेसाठीचं नाव होतं जोनोकुची मिए या बाईंचं. पुढे धागे ताणण्याऐवजी रेशमी जाळीचं कापडच रोगणाने छापावर चिकटवायची सोपी रीत आली आणि इतोइरेचं काम मागे पडलं. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापायला वापरतात त्या स्क्रीन प्रिंटिंगचं तत्त्वही हेच. ताणलेली जाळी आणि तिच्यावर काही जागा बंद, काही उघड्या.

खळ रंगात का सुटत नाही?

खळीचे दोन मुख्य घटक आहेत. एक म्हणजे चिकट तांदळाचं पीठ, जपानी मोची करतात त्या तांदळाचं. दुसरा म्हणजे बारीक चाळलेला भाताचा कोंडा. चिकट तांदळात जवळजवळ सगळा स्टार्च फांद्या फुटलेल्या रेणूंचा असतो. त्याने खळीला तार येते आणि ती कापडाला घट्ट धरते. नुसत्या पिठाची खळ मात्र वाळली की तडकते आणि धुताना सुटता सुटत नाही. कोंड्याने ती मोकळी होते. पीठ आणि कोंडा मळून त्याचे गोळे वाफवतात, गरम असतानाच घोटतात, मग त्यात चुन्याची निवळी आणि मीठ घालतात. चुन्याने खळ पिवळी पडते, घट्ट होते आणि लवकर आंबत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कोरड्या दिवशी खळ चिरत नाही. पावसाळी हवेत मीठ कमी, थंड कोरड्या हवेत जास्त. हे प्रमाण कारागीर रोजची हवा पाहून ठरवतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. वाळलेली खळ पाण्यात पडल्या पडल्या विरघळत नाही. आधी ती हळूहळू पाणी पिते, फुगते आणि मगच सुटते. या मधल्या वेळात रंगकाम उरकायचं असतं. म्हणूनच या पद्धतीची जोडी निळीशी जमली. निळीचा हौद थंड किंवा कोमट असतो, उकळता नसतो. कापड त्यात थोडाच वेळ बुडवून बाहेर काढायचं. निळीचा खरा रंग पाण्यात विरघळत नाही. हौदातल्या आंबवणाने तो तात्पुरता विरघळणाऱ्या, पिवळट हिरव्या रूपात येतो, धाग्यात शिरतो, आणि हवा लागली की पुन्हा न विरघळणारा निळा होऊन तिथेच अडकतो. गडद रंग हवा असेल तर बुडवणं आणि हवा देणं पुन्हा पुन्हा करतात. शेवटी कापड साध्या पाण्यात बराच वेळ भिजत ठेवलं की खळ आपणहून सुटते. निळीला पाण्याचं भय आता उरलेलं नसतं.

जपानी निळीचं झाड आपल्या निळीपेक्षा वेगळं आहे. ते पाणथळ जागी वाढणाऱ्या रानतणाच्या कुळातलं. त्याची पानं कुजवून केलेल्या खतासारख्या निळीसाठी शिकोकू बेटावरचा आवा भाग, म्हणजे आजचा तोकुशिमा, प्रसिद्ध आहे. आपल्याकडे निराळी जातीचे रंगारी ज्या निळीचे हौद लावत ती शेंगवर्गातल्या झाडाची. झाडं वेगळी, पण पानांतून निघणारा निळा रेणू एकच.

निळीखेरीज इतर रंगांसाठी मदतीला येतं सोयाबीन. लातूर-वाशीमकडे ज्याच्या पोत्यांनी बाजार समित्या भरतात तेच. दाणे भिजवून, वाटून, गाळून काढलेल्या दुधाला गोजिरू म्हणतात. ते कापडावर आधी फिरवतात, म्हणजे रंग फुटत नाही. त्याच दुधात काजळी, लोहाची तांबडी माती असे न विरघळणारे रंग कालवून ब्रशने लावतात. दुधातली प्रथिनं वाळून, मुरून पाण्यात न सुटणारी होतात आणि रंगाचे कण धाग्याला बांधून ठेवतात. म्हणून अशी कापडं रंगवल्यावर लगेच धूत नाहीत, काही दिवस तशीच ठेवतात.

बारा मीटर कापडावर सांधा दिसत कसा नाही?

हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कापड निरखून पाहणाऱ्याच्या मनात ते येणारच. किमोनोच्या एका ताग्याला तान म्हणतात. रुंदी हातभराहून कमी, लांबी बारा मीटरच्या वर. छापाची रुंदी कापडाएवढी असते आणि उंची बऱ्याचदा वीतभर. वीस सेंटीमीटरचा छाप धरला तर एका ताग्यावर तो साठेक वेळा उचलून ठेवावा लागतो. छापाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी खुणेची भोकं असतात, त्यांना होशी, म्हणजे तारे, म्हणतात. आधीच्या छापाच्या ताऱ्यावर पुढच्या छापाचा तारा बसवायचा आणि लाकडी पट्टीने खळ एकसारखी ओढायची. दाब कमी-जास्त झाला की ठिपके लहान-मोठे होतात आणि रंगल्यावर कापडावर पट्टे दिसू लागतात.

युकाता, म्हणजे उन्हाळी किमोनो, त्यासाठीचं नागाइता चुगाता हे तर आणखी पुढचं काम. युकाताला अस्तर नसतं, चालताना आतली बाजूही दिसते. म्हणून साडेसहा मीटरच्या लांब फळीवर सुती कापड ताणून एका बाजूला खळ लावतात, ती वाळली की कापड उलटून दुसऱ्या बाजूलाही लावतात, आणि दोन्ही बाजूंची नक्षी एकमेकींवर बरोबर बसवतात. मग निळीत बुडवलं की दोन्हीकडून झाकलेली जागा स्वच्छ पांढरी राहते. उलट-सुलट ओळखू येत नाही. या कामासाठी शिमिझू कोतारो आणि मात्सुबारा सादाकिची या दोघांना १९५५मध्ये राष्ट्रीय मान मिळाला.

दिसणारच नसेल तर कशासाठी?

तुम्ही पाहिलेली नक्षी बहुधा सामे, म्हणजे शार्क माशाच्या कातडीसारखी. तिचे ठिपके कमानदार रांगांत असतात. एदो काळात सरदारांना दरबारात कामिशिमो नावाचा ताठ खांद्यांचा पोशाख घालून हजर राहावं लागे. एवढ्या गर्दीत कोण कुठल्या घराण्याचं हे कळावं म्हणून घराण्यांनी आपापल्या बारीक नक्ष्या ठरवून घेतल्या. सामे ही किशूच्या तोकुगावांची. कागाच्या माएदा घराण्याची नक्षी चौकटीतल्या शेवंतीची, सात्सुमाच्या शिमाझूंची लहान-मोठ्या गारांची. म्हणजे सामे नक्षी ज्या घराण्याची, त्याच घराण्याच्या मुलखात छाप कोरले जात. बारीक काम कोरणाऱ्यांचा धनीच त्यांचं गिऱ्हाईक होता.

मग नक्षी व्यापाऱ्यांपर्यंत पोचली. त्यांच्याकडे पैसा होता, पण भपकेदार कपड्यांवर शोगुनशाहीचे निर्बंध वारंवार येत. भडक रंग नको, भरजरी काम नको. तेव्हा शहरी माणसाने तपकिरी आणि राखाडी रंगांच्या अनंत छटा काढल्या आणि दुरून साध्या दिसणाऱ्या कापडात जवळून पाहणाऱ्यासाठी काम भरलं. सरदारांच्या नक्ष्या वापरायची सोय नव्हती, म्हणून यांनी आपल्या गमतीच्या नक्ष्या काढल्या. त्यांत मुळा आणि किसणी आहे, स्वयंपाकघरातल्या आणि खेळण्यांतल्या वस्तू आहेत. शोगुनच्या अधिकाऱ्याला पाच हातांवरून एकरंगी कापड दिसावं आणि शेजारी बसलेल्या मित्राला मुळा दिसावा. खटाटोप यासाठीच होता.

या बारीक नक्षीच्या कामाला आज एदो कोमोन म्हणतात. सरकारने १९५५मध्ये कोमिया कोसुके यांना या कामासाठी गौरवलं तेव्हा इतर कोमोनपासून, म्हणजे बारीक नक्षीच्या इतर कापडांपासून, वेगळं ओळखता यावं म्हणून हे नाव रूढ झालं. त्यांचे पुत्र यासुताका यांना १९७८मध्ये आणि नातू यासुमासा यांना २०१८मध्ये तोच मान मिळाला. एदो कोमोन रेशमावर होतं आणि आता त्यात बहुधा हौद नसतो. पांढरी खळ वाळल्यावर तिच्यावरून रंग मिसळलेली दुसरी खळ सगळ्या कापडावर फासतात, वर भुसा भुरभुरतात, वाफ देऊन रंग पक्का करतात आणि मग दोन्ही खळी एकदम धुतात. पूर्वी हे धुणं तोक्योच्या आणि क्योतोच्या नद्यांत होई. आता ते कारखान्यातल्या टाक्यांत होतं.

सगळीकडे हे असंच फिकं असतं का?

मुळीच नाही. दक्षिणेला ओकिनावात, जुन्या रिउक्यू राज्यात, बिंगाता नावाची पद्धत आहे. ती पिवळी, लाल, निळी, जांभळी, पाहताक्षणी डोळ्यांत भरणारी. तंत्र खळीचंच, पण नक्षीचे रंग हाताने भरतात. एका रंगावर कडेकडेने गडद छटा देण्यासाठी माणसाच्या केसांचा ब्रश वापरतात. छाप कोरताना कागदाखाली ठेवतात तो कडकडीत वाळवलेल्या तोफूचा तुकडा. पात्याची धार त्यावर बोथट होत नाही, आणि त्यातल्या तेलाने पातं सरकतंही छान. म्हणजे सोयाबीन इथे रंगातही आहे आणि पाटाच्या जागीही.

बिंगाताचा आश्रयदाता शुरी या राजधानीतला राजदरबार होता. १८७९मध्ये जपानने हे राज्य खालसा केलं आणि मागणी आटली. १९४५च्या लढाईत उरलंसुरलंही बेचिराख झालं. युद्धानंतर बिंगाता कारागीर शिरोमा एइकी यांनी काम पुन्हा उभं केलं ते टाकाऊ लष्करी सामानातून. छापासाठी अमेरिकन फौजेचे नकाशे, खळ ओतायच्या पिशवीच्या टोकाला बंदुकीच्या गोळीचं रिकामं नळकांडं, खळ ओढायला फुटक्या ग्रामोफोन तबकडीचा तुकडा.

बिंगाताने ज्याला वेड लावलं असा मोठा कलावंत म्हणजे सेरिझावा केइसुके (१८९५–१९८४). कागद, कोरणारा, रंगारी ही विभागणी त्यांनी मोडली. चित्र काढणं, कोरणं आणि रंगवणं सगळं एका हाती घेतलं, १९३९मध्ये ओकिनावाला जाऊन बिंगाता शिकून आले, आणि किमोनोंबरोबरच पडदे, कॅलेंडरं, पुस्तकांची मुखपृष्ठंही याच तंत्राने केली. १९५६मध्ये त्यांना राष्ट्रीय मान देताना त्यांच्या कामासाठी काताएझोमे हे स्वतंत्र नाव योजावं लागलं.

आपल्याकडच्या छपाईशी संबंध आहे?

आहे, आणि तो समुद्रमार्गे आलेला. १६व्या-१७व्या शतकांत पोर्तुगीज आणि मग डच जहाजांतून कोरोमंडल आणि गुजरातची रंगीत सुती कापडं जपानला पोचली. तिथे त्यांना सारासा म्हणतात. चहाविधीचे शौकीन त्यांचे तुकडे चहाच्या डब्यांच्या पिशव्यांसाठी जपून वापरत. हिकोनेच्या ई घराण्याने जमवलेले असे साडेचारशेच्या आसपास तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मागणी पाहून जपानी रंगाऱ्यांनी नक्कल सुरू केली. आपल्याकडे तुरटीसारखी रंगबंधकं वापरून रंग धाग्यात पक्का करत. जपानी कारागिरांनी आपल्या हातात असलेलं हत्यार उचललं, कातागामी. प्रत्येक रंगाला वेगळा छाप, आणि छापातून थेट रंग. नक्षी हुबेहूब जमली, पण धुण्यात भारतीय कापड सरस ठरलं.

तंत्राच्या दृष्टीने खरं साम्य दिसतं ते राजस्थानच्या डाबूत. तिथे लाकडी ठशाने चिखल, चुना आणि डिंक यांचा लेप लावतात, ओल्या लेपावर भुसा भुरभुरतात आणि मग थंड निळीत बुडवतात. जपानमध्येही ओल्या खळीवर भुसा टाकतात, म्हणजे ती कशाला चिकटत नाही. दोन्हीकडे रंगाऱ्यांसमोर अडचण एकच होती, म्हणून उपायही एकाच वळणाचे निघाले.

छापांचा उलटा प्रवासही झाला. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जपानात पाश्चात्त्य कपड्यांची चलती झाली आणि जुने कातागामी ढिगांनी युरोपात गेले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या उपयोजित कला संग्रहालयात असे पंधरा हजारांहून जास्त छाप आहेत. तिकडच्या चित्रकारांना कापडाशी कर्तव्य नव्हतं. भोकं पाडलेला कागद हेच त्यांना चित्र वाटलं, आणि त्यातून त्यांच्या भिंतीच्या कागदांना आणि पडद्यांना नव्या नक्ष्या मिळाल्या.

घरी करून पाहता येईल?

येईल, फक्त पाण्याचं गणित सांभाळा. बाजारातल्या कोऱ्या सुती कापडाला कांजी असते, ती आधी धुऊन काढा, नाहीतर रंग धाग्यापर्यंत पोचणार नाही. काकीचा कागद मिळाला नाही तर जाड पारदर्शक प्लास्टिकचा ताव चालतो, पण बारीक रेघा कोरू नका. नवखा हात जाड आकारांवरच बसवावा. खळ चिकट तांदळाच्या पिठात कोंडा, चुना आणि मीठ घालून करा. ती पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. आणि उकळत्या पाण्यात चढवायचे रंग अजिबात नकोत, त्यांत खळ शिजून पसरेल. थंड हौदातली नीळ सर्वांत भरवशाची.

विकत घ्यायचं असेल तर आधी कापड उलटून पाहा. पाठीमागे नक्षी फिकट आणि अर्धवट असेल तर ती यंत्राची छपाई असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंनी नक्षी असून कडा किंचित फुटल्या असतील तर ते चुसेन, म्हणजे घड्या घातलेल्या कापडाच्या थरांतून रंग ओतून केलेलं काम. जपानी हातरुमाल बहुधा याच रीतीने होतात, तेही हाताचंच काम आहे आणि परवडतंही. दोन्ही बाजूंना कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर कुणीतरी त्या कापडावर दोनदा खळ बसवली आहे. मग त्याची किंमत ऐकून दुकानदाराशी घासाघीस करू नका.